पिल्लं उडेपर्यंत

२० फेब्रुवारी २००५, रविवार

अपशकुनी म्हणे! आमचा पिंगळा अपशकुनी!

सकाळी नळावर सगळ्यांसमोर बोलली सुनंदाकाकू. "मेलं घुबड दाराशी येऊन बसलंय, आता काय काय बघायला लागतंय!" मी बोलले, काकू, घुबड नाही ते, पिंगळा आहे, मुठीएवढा तर आहे. "एकच ते. डोळे बघ मेल्याचे." तुझे बघ ना डोळे! — हे मनात. हंडा भरायचा बाकी होता आणि नळाची तोटी तिच्या ताब्यात.

आमच्या चाळीच्या मागे, गटाराच्या पलीकडे जुना शिरीष आहे. पावसाळ्यात त्याची फांदी मोडली, तिथे ढोली झाली. थंडीपासून त्यात पिंगळ्याची जोडी राहते. मी पाण्याच्या टाकीवर चढून बघते. बारावीत दोनदा आपटले, यंदा फॉर्मच भरला नाही, त्यामुळे वेळच वेळ. संध्याकाळी दिवे लागले की दोघं बाहेर येतात. मी मान खाली-वर केली की नर पण खाली-वर करतो. मी वाकडी केली की तो पण वाकडी. अख्ख्या अंबरनाथमध्ये माझ्याशी एवढ्या इज्जतीने कोण वागत नाही.

आणि खातात काय? झुरळं, पाली, उंदीर. काकूच्याच मोरीतली! थँक्यू बोलायचं सोडून अपशकुनी!

२३ फेब्रुवारी

बदला घेतला. पिंगळ्याचा आवाज मला मस्त जमतो — चिर्र्र, चिर्र्र, चिवक-चिवक-चिवक. काकूच्या खिडकीखाली बसून काढला. काकूने मीठ-मिरची ओवाळून बाहेर फेकली, अर्धी माझ्या डोक्यावर. शिंक दाबून दाबून जीव गेला.

आत वैष्णवी हसत होती. ही काकूची मुलगी. तिला माझा आवाज कळतो. ती बोलत नाही कोणाला.

२७ फेब्रुवारी, रविवार

वैषूला घेऊन चिखलोली धरणावर गेले. काकूला सांगितलं, लायब्ररीत जातो. मी आणि लायब्ररी! तरी काकूने सोडलं. कसं काय?

तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले. खंड्या दोन. टिटवी आम्हाला बघून अशी बोंबलत होती जसं काय आम्ही तिचं सोनं चोरायला आलोय. वैषू नुसती बघत राहिली. ती उल्हासनगरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. बोलली, "यशे, आमच्या मायक्रोस्कोपमध्ये पण असंच वाटतं. गप्प बसून बघत राहावं."

तेवढ्यात बेचक्या घेऊन तीन टोळभैरव. राघूवर नेम! डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, "अरे, तिकडे जाऊ नका, दगडाखाली नाग आहे, आत्ता माझ्या पायावरून गेला!" पळाले असे की एकाची चप्पल राहिली. ती पाण्यात टाकली. दुसरी पण येऊन फेकून जा, जोडी होईल.

परत येताना वैषू बोलली, "पप्पा स्थळं बघायला लागलेत." कोर्स अर्धा आहे अजून! असं कसं? "असंच."

८ मार्च, महाशिवरात्र

शिवमंदिराची जत्रा. पप्पा बोलले, आपण देव मानत नाही, जत्रेत काय काम? मी बोलले, भजी मानतो ना? मम्मी फस्सकन हसली, मग पप्पांनी पैसे दिले.

भजी खाल्ली, डमरू घेतला. कशाला घेतला माहीत नाही. आवाज चांगला आहे, कोणाला तरी त्रास नक्की होईल.

मादी पंधरा दिवस झाले बाहेर येत नाही. नर पाली नेऊन देतो. अंडी!!

११ मार्च, शुक्रवार

आज एवढं डोकं फिरलंय की पेन कागदात घुसतंय.

डोंबिवलीचं स्थळ वैषूला बघून गेलं होतं, त्यांचा नकार आला. नाकारलं त्यांनी, आणि सजा कोणाला? पिंगळ्याला! राजेंद्रकाका — वैषूचे पप्पा, चाळ कमिटीचे सेक्रेटरी, खिशाला कायम दोन पेनं — संध्याकाळी झाडाखाली उभे राहून बोलले, "मी अंधश्रद्धा मानत नाही. पण रिस्क कशाला घ्या?" रविवारी सकाळी ढोलीत सिमेंट भरणार. सिमेंटची गोणी येऊन पण पडली, बदलापूरच्या कोणा ओळखीच्याकडून फुकट.

मी बोलले, काका, आत अंडी आहेत. मादी आत आहे.

"मग उडून जाईल ती."

नाही जाणार! अंड्यावर बसलेली उठते होय? आत गाडतील तिला. जिवंत.

आणि बाकी सगळे? उभे होते. बघत होते. एक जण बोलला, सिमेंटमध्ये खडी जरा जास्त टाका.

१२ मार्च

पप्पांना बोलले, तुम्ही जा, मोठ्या माणसाचं ऐकतील. पप्पा गेले. मी मागे दाराआड.

पप्पा नीट बोलले. पाखरू आहे साहेब, उन्हाळा संपला की जाईल, कशाला पाप. राजेंद्रकाका हसून बोलले, "तुमच्यात मानत नसतील हो. आमच्यात मानतात."

तुमच्यात. आमच्यात. पंधरा वर्षं एका नळावर पाणी भरतो आपण!

पप्पा तसेच माघारी फिरले. घरी येऊन सायकल पुसत बसले. स्वच्छ होती सायकल. मी बोलले, तुम्ही परत जा, भांडा. पप्पा चाकाकडे बघत बोलले, "गावाला माझ्या बापाची सावली पडली तर लोक आंघोळ करायचे. हे तर पाखरू आहे."

मग भांडा ना!!

"जेव आता."

नाही जेवले मी. टाकीवर बसले. आणि तिथे सुचलं. थंडीत पहाटे आमच्याकडे पिंगळा जोशी येतो. कंदील, डमरूसारखं कुडबुडं, फेटा. पिंगळा झाडावर बोलतो ते त्याला समजतं आणि तो दारोदार भविष्य सांगत जातो. आणि तो आला की चाळीतला पहिला दरवाजा कोणाचा उघडतो? राजेंद्रकाकांचा! अंधश्रद्धा मानत नाहीत ते. हात जोडून उभे राहतात फक्त.

डमरू आहे. लोडशेडिंगचा कंदील आहे. पप्पांचा पांढरा लेंगा-झब्बा आहे. आजीचं जुनं लुगडं, फेट्याला. आणि आजीचं गंगावन — सॉरी आजी — मिशीला.

१३ मार्च, रविवार

सगळं लिहिते.

पहाटे मागच्या दाराने निघाले. डिंकाने मिशी लावली, कपाळाला हळद-कुंकू फासलं, उपरणं कानावरून. कुड-कुड-कुड वाजवत काकूच्या दारात. आवाज घोगरा काढला. "पिंगळा बोलला गं माय! शिरीषावरचा पिंगळा बोलला!"

दार उघडलं. राजेंद्रकाका बनियनवर, हात जोडलेले. मागे काकू सुपात तांदूळ घेऊन. काकूने विचारलं, "थंडी सरली, आता कुठून रे बाबा?"

वाट लागली होती माझी! पण तोंडातून निघालं, "पिंगळीने बोलावलं माय. तिचं घर मोडतायत कोणतरी." काका गोणीकडे बघायला लागले.

मग मी पुडी सोडलीच. पिंगळा या घराची राखण करतोय. ढोलीला हात लावेल त्याच्या घरात चूल रुसेल. पिल्लं उडेपर्यंत झाडाला धक्का नको, घरात सोयरिकीचं बोलणं नको. नवरदेव बघायचा नाही, दाखवायचा नाही!

इथे थांबायला पाहिजे होतं. पण काका एवढंसं तोंड करून बोलले, "महाराज, मुलीचं कधी जमेल?" आता जोशी जाताना वाईट बोलून जात नाही, शेवट गोड करूनच जातो. तशी पद्धतच आहे, नाहीतर तांदूळ कोण देईल? मी पण अस्सल जोशासारखी हात वर करून बोलले, "पिल्लं उडाली की जमलंच समज! पहिलं येईल तेच लेकीचं नशीब!"

काकूने झोळीत तांदूळ घातले. जरा हळूहळूच घातले. मी पळाले.

सकाळी सिमेंटची गोणी काकांनी स्वतः उचलून संडासामागे नेऊन ठेवली. सगळ्यांना सांगत होते, "कमिटीने फेरविचार केलाय."

हुश्श!!!

१७ मार्च

ढोलीतून किसकिस आवाज येतोय. पिल्लं!

२० मार्च, रविवार

हाईट आहे. राजेंद्रकाकांनी मला टाकीवरून खाली उतरवलं! "ए यशे, पिंगळ्याला डिस्टर्ब करू नको."

मी? मी डिस्टर्ब करते? आठ दिवसांपूर्वी गाडायला निघालेला हा माणूस मला शिकवतो! झाडाला दोरी बांधलीय. पोरांना क्रिकेट बंद. रोज संध्याकाळी येऊन वर बघतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या घराची राखण आहे ती." आमच्या घराची!

मी आता आमच्या कौलांवरून बघते. नर एका रात्रीत किती झुरळं आणतो, मोजता मोजता झोप आली.

२६ मार्च, धुळवड

झाडाजवळ रंग नाही — काकांचा हुकूम. हा एक हुकूम बरा होता. पण मी त्यांच्या पांढऱ्या स्कूटरला ऑइलपेंट लावला. कोणी लावला अजून कळलेलं नाही.

३ एप्रिल, रविवार

च्यायला च्यायला च्यायला.

वैषू कौलांवर येऊन बसली. पिल्लं ढोलीतून तोंड काढतात आता. तीन आहेत. कापसाचे बोळे, त्याला पिवळे डोळे. मी दाखवत होते, हे मोठं, हे भांडकुदळ, हे झोपाळू. ती बोलली, "यशे, हे उडायला किती दिवस?" मी खूश होऊन बोलले, पंधराएक. तर ती रडायला लागली.

बदलापूर गावातला अनंता म्हणून आहे. रेती-सिमेंटचा धंदा. अडतीस वर्षांचा. पहिली बायको वारली, मुलगा सातवीत. तेरा तारखेच्या आधीच काकांशी बोलून ठेवलं होतं त्याने. मग आला पिंगळा. काकांनी त्याला निरोप पाठवला, पिल्लं उडेपर्यंत थांबा, मग पहिलं स्थळ तुमचंच. नशीबच आहे म्हणे, पिंगळ्याने सांगितलंय. फुकटची गोणी कुठून आली होती ते आत्ता कळलं.

आणि कोर्स? अनंता बोलला, "रक्त-लघवी तपासणारी बायको मला नको. घरात काय कमी आहे?"

तुला काय पाहिजे रे? गोणी उचलणारी?

वैषू पिल्लांकडे बघून बोलली, "नका रे उडू."

हे मी केलंय! एक वाक्य जास्त बोलले मी. एक! पण राग माझा मलाच येऊन काय उपयोग. काकांना अक्कल नको? मिशीवाला कोणी पण आला आणि बोलला, तर पोरीचं आयुष्य देऊन टाकायचं? पोरगी स्वतः समोर उभी राहून नाही बोलते, ते ऐकू येत नाही. पाखरू बोललेलं ऐकू येतं!

६ एप्रिल

राजेंद्रकाकांना गाठलं. सरळ बोलले, "काका, तो जोशी खोटा होता. कोणीतरी मस्करी केली."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

हसले. "तुमच्यात नाही मानत, यशे. तुला नाही कळायचं."

परत! भविष्य मीच सांगितलं, आणि मलाच नाही कळायचं! मी बोलणार होते, ती मिशी माझी होती. तोंडावर आलं होतं. पण खरं बोलले आणि पटलं, तर दुसऱ्या मिनिटाला गोणी झाडाखाली. पिल्लं अजून ढोलीत.

दोन्हीकडून अडकले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सगळ्यात मोठं पिल्लू ढोलीच्या काठावर आलं. पंख फडफडवले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला बोलले, बस गप, आत जा.

काकांच्या दारात गुढी एवढी उंच, की झाडाला लागली. काकू साखरेच्या गाठी वाटत होती. मला देताना हात धरून ठेवला जरा. माझ्या बोटांकडे बघत होती. "नखं खातेस अजून?" मी बोलले, हो. तिला माझ्या नखांचं काय पडलंय!

१० एप्रिल, रविवार

पकडले गेले. चौदा तारखेच्या मिरवणुकीसाठी पप्पांनी लेंगा-झब्बा काढला. झब्ब्याच्या बाहीवर हळद-कुंकू. आमच्या घरात! पप्पांनी विचारलं, सांगून टाकलं सगळं.

एवढे चिडलेले कधी बघितले नाहीत. ओरडले नाहीत, तेच वाईट. "माझे कपडे घालून भविष्य सांगितलंस? हे कपडे मी कशासाठी घालतो, माहीत आहे ना?"

मी पण ऐकून घेतलं नाही. बोलले, "तुम्ही खरं बोललात, तुमचं कोणी ऐकलं? मी खोटं बोलले, माझं ऐकलं! त्याला मी काय करू?"

मम्मी मध्ये पडली. पप्पांनी डमरू उचलला, ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली असती तरी बरं, निदान हसले असते. खिशात ठेवली.

मम्मीने बाही तीनदा धुतली. पिवळं गेलं नाही.

१४ एप्रिल

मिरवणूक. पप्पा त्याच झब्ब्यात गेले, बाह्या दुमडून. माझ्याशी बोलत नाहीत. मिरवणुकीत वैषू लांबून हात करत होती.

घरी आले तर भांडकुदळ समोरच्या तारेवर! उडालं!! नर त्याच्या शेजारी बसून ओरडत होता, जसं काय स्वतःच शिकवलं. एवढं मस्त दिसत होतं. आणि मला रडायला येत होतं.

१५ एप्रिल

मोठं पण गेलं. झोपाळू आत.

मी झोपाळूला बोलले, तू झोप बाबा. तुझ्यावर आहे सगळं.

१७ एप्रिल, रविवार

झोपाळू पण गेलं. उडताना एकदा आपटलं, काकांच्या पत्र्यावर. काका बाहेर धावत आले. वर बघितलं, ढोली बघितली, घड्याळ बघितलं! आणि बायकोला आवाज — "सुनंदा, उडालं! तिसरं उडालं!" असे ओरडले, जसं काय मॅच जिंकली.

तासाभरात बदलापूरला फोन. पुढल्या रविवारी साखरपुडा. पेढे वाटले. आमच्याकडे पण आला बॉक्स. मी माझा पेढा गटारात टाकला. पप्पांनी बघितलं. त्यांनी पण त्यांचा खाल्ला नाही.

वैषूने कोर्सची पुस्तकं कोणाला तरी देऊन टाक म्हणून माझ्याकडे आणून ठेवली. नाही देणार. कोणालाच नाही.

पिंगळ्यांना माहीत पण नाही. पाचही जण दिव्याच्या खांबावर बसून किडे खातायत. अपशकुनी होते तेव्हा बरे होते हे! निदान कोणाचं लग्न लावत नव्हते.

१९ एप्रिल, मंगळवार

सुनंदाकाकू आमच्या घरी आली. घरात. पंधरा वर्षांत उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा. खुर्चीवर बसली, मम्मीने दिलेला चहा पूर्ण प्यायली. मग माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

"तांदूळ घालताना बघितली मी नखं. आणि मिशी डावीकडून सुटली होती."

मी बोलले, मग तेव्हाच का नाही बोललात?

"महिनाभर माझ्या पोरीला कोणी बघायला येणार नव्हतं. मी कशाला बोलू?" कप खाली ठेवला. "खिडकीखालचे ते आवाज तुझे की त्या पाखराचे, मला काय. आमचे हे माझं ऐकत नाहीत, पोरीचं ऐकत नाहीत. जोशाचं ऐकतात. उद्या पहाटे ये. बदलापूरचं मोडायचं. आणि कोर्स संपेपर्यंत दुसरं नको, ते पण सांग. आवाज जाड काढ. मिशी घट्ट लाव." दारातून परत वळली. "आणि या वेळी शेवट गोड करू नको, भवाने!"

पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला नाही.

आत्ता झोपायला आले तर ट्रंक उघडी. वर लेंगा-झब्बा, इस्त्री केलेला. त्याच्यावर डमरू.